गॅस गीझरसाहेब, आपण पेटत का नाही?

प्रति,
माननीय गॅस गीझरसाहेब,
मुक्काम न्हाणीघराची भिंत, तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

विषय : ऐन सीझनमध्ये न पेटल्याबद्दल खुलासा.

महोदय,

वायरीपासून देवबागच्या संगमापर्यंत जिथे जिथे पर्यटकांना खोली मिळते, तिथे तिथे आपल्या नावाने एकच शेरा ऐकू येतो : ‘ह्यो पेटना नाय.’ दिवाळी, नाताळ आणि मे महिना, म्हणजे नेमके कमाईचे दिवस. पाहुणा समुद्रातून अंगभर मीठ आणि वाळू घेऊन येतो, नळ सोडतो, आणि आपण एकतर नुसते टकटक करता किंवा तेवढेही करत नाही. मग आपल्यावर उपचार सुरू होतात. पहिला, आपल्या पत्र्यावर थाप. दुसरा, सेल काढून हातावर चोळून पुन्हा घालणे. तिसरा, दोन्ही बटणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे. एवढ्याने भागले नाही तर शेवटचा रामबाण : ‘डायरेक्ट करून टाका.’ आपल्याला निलंबित करण्याआधी नैसर्गिक न्यायाला धरून आपली बाजू ऐकून घ्यावी, असे ठरले. ती ऐकल्यावर मात्र फिर्यादी पक्षाची पंचाईत झाली आहे. आपले न पेटणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, तो नकार असतो. त्या नकाराला कारण असते, आपण ते सांगतही असता. वाचणाऱ्याने मात्र ते वाचलेले नसते.

आपली कार्यपद्धती पाहू. नळ सोडला की पाणी आत येते आणि त्याच्या दाबाने रबराचा पातळ पडदा, म्हणजे मेकॅनिकांचा डायफ्राम, उचलला जातो. तो एक दांडी ढकलतो, दांडीने छोटा स्विच दबतो, टॉर्चच्या दोन सेलांचा तीन व्होल्टचा पुरवठा सुरू होतो, ठिणगी पडू लागते आणि गॅसची झडप उघडते. बर्नरजवळच्या पिनेला ज्योत जाणवली तर झडप उघडी राहते. काही सेकंदांत जाणवली नाही तर गॅस बंद. पाणी, सेल, गॅस, ज्योत असा हा क्रम आहे, आणि आधीच्याची सही झाल्याखेरीज आपण फाइल पुढे सरकवत नाही. त्यामुळे आपण कुठे अडलात हे आवाजावरून कळते. नळ सोडल्यावर टकटकही नाही, तर पाणी किंवा सेल. टकटक आहे पण ज्योत नाही, तर गॅस. ज्योत येते आणि लगेच विझते, तर पिनेवर काजळी किंवा क्षार, नाहीतर हवेची टंचाई. हे तपासायला तीन मिनिटे पुरतात. यात थाप मारण्याचे कलम कुठेच नाही.

पहिली सही पाण्याची, आणि तारकर्लीत निम्मे प्रकरण इथेच निकालात निघते. आपल्या जातभाईंच्या माहितीपत्रकांत किमान दाब साधारण ०.२ ते ०.३ बार लिहिलेला असतो. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे जवळपास १ बार. आता इथले ठेंगणे घर घ्या. आपण जमिनीपासून पाच फुटांवर, स्लॅब दहा फुटांवर आणि टाकी स्टँडशिवाय थेट स्लॅबवर. म्हणजे टाकीचा तळ आपल्यापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच, दाब ०.१५ बार. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वरचे मीटरभर पाणी मदतीला येऊन हिशेब ०.२५ वर जातो. म्हणूनच सकाळी पहिल्या खोलीतल्या पाहुण्याला कढत पाणी मिळते आणि चौथ्या खोलीतला आरडाओरडा करतो. तेवढ्या वेळात टाकी अर्ध्यावर आलेली असते आणि पडदा उचलायला लागणारी शेवटची ताकद तिच्याबरोबर गेलेली असते. बादलीच्या नळाला पेटतो आणि शॉवरला पेटत नाही, या तक्रारीचे मूळही हेच. शॉवर उंच असतो आणि त्याची भोके क्षाराने बुजलेली असतात. विहीर वाळूतली असल्याने बारीक रेती आपल्या पाण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकते, ते वेगळेच. उपाय स्वस्त आहेत. जाळी धुवावी, शॉवर उघडून साफ करावा, टाकी चार-पाच फूट उंच चबुतऱ्यावर चढवावी, नाहीतर कमी दाबावर चालणारे मॉडेल घ्यावे. तरीही खर्च नव्या गीझरवर होतो, आणि नवा साहेबही त्याच टाकीखाली बसून तोच नकार देतो.

दुसरी सही सेलांची. इथे समुद्र आणि पंचांग दोघे मिळून आपल्याविरुद्ध कट करतात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, खोल्या रिकाम्या, आणि आपण तीन महिने भिंतीवर बिनकामाचे. सेल काढून ठेवायचे कुणाच्या मनात येत नाही. गणपतीनंतर आपल्या पोटाखालचे प्लास्टिकचे झाकण उघडून पाहावे. सेल फुगलेला, बुडाशी पांढरी पूड, स्प्रिंगवर हिरवट थर आणि बाजूच्या तारेच्या टोकाला गंज. अशा स्प्रिंगवर नवा सेल बसवला तरी ठिणगी मरतुकडीच पडणार. बारीक पॉलिश पेपरने टोके घासावीत, कोरड्या फडक्याने पुसावीत आणि अल्कलाइन सेलांची नवी जोडी घालावी. एक जुना आणि एक नवा असा संसार मांडू नये. याच रिकाम्या महिन्यांत बर्नरच्या बारीक भोकांत कोळी जाळी विणतो. दसऱ्याला आपण भप्पकन पेटता किंवा पिवळी ज्योत दाखवता, त्याचे कारण बहुधा तोच. ते साफ करणे मात्र मालकाने स्वतः करू नये. गॅसची बाजू उघडणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे.

तिसरी सही गॅसची. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, त्यामुळे पहिले दोन-तीन प्रयत्न फुकट जाणे स्वाभाविक आहे. दहा-बारा फुकट जात असतील तर रेग्युलेटर पाहावा. आपली भूक मोठी आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर तासाला साधारण किलोभर गॅस लागतो, म्हणजे शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या पाच-सहा पट. स्वयंपाकघरातल्या जोडणीला लांब, दुमडलेली नळी काढून आपल्याला जोडले की घास पुरत नाही आणि ज्योत धरत नाही. याउलट कुणी भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर आपल्याला लावला तर ज्योत बर्नरवरून उडते. आपल्याला घरगुती शेगडीइतकाच कमी दाब लागतो. व्यवसायाला १९ किलोचा सिलिंडर आणि घराला १४.२ किलोचा, हा कायदा सर्वांना पाठ आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घराच्या मागच्या बाजूला कुठला सिलिंडर असतो, यावर हे पत्र सभ्यपणे मौन पाळते. मात्र टकटक चालू असताना गॅसचा वास आला तर पुढचा प्रयत्न करू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. सिलिंडर बंद करावा, दारे उघडावीत, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आता शेवटची सही ज्योतीची, जिच्यामुळे आपल्याला सर्वाधिक शिव्या बसतात. आपण पेटता आणि मग आपणहून विझता. काही मॉडेलांत वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय असते. एकामागून एक दोघांनी नळ चालूच ठेवून आंघोळ केली की दुसऱ्याच्या डोक्यावर साबण असताना ती कामाला येते. नळ बंद करून पुन्हा सोडला की तक्रार मिटते. काहींत हवेतला प्राणवायू घटल्याचे ओळखणारी पिन असते, आणि ती विझवते तेव्हा तिचे म्हणणे ऐकावेच लागते. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. चार बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा साडेपाच घनमीटरांच्या आतबाहेर. दार बंद, काचपट्ट्यांच्या खिडकीवर अब्रू राखायला चिकटवलेला कागद, आणि आपण आतल्या भिंतीवर. पहिल्याच पाहुण्याने दोन पंचमांश हवेचा प्राणवायू संपवला. दुसरा आत शिरतो तेव्हा ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. न्हाणीघरात अचानक शुद्ध हरपणे, फिट आल्यासारखे झटके येणे, अशा रुग्णांची नोंद भारतीय डॉक्टरांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ याच नावाने केली आहे. बेंजामिन मॉगन यांनी १८६८ मध्ये लंडनमध्ये आपला पूर्वज बनवला, तेव्हा धूर बाहेर नेणारे नळकांडेच त्याला नव्हते. दीडशे वर्षांत आपल्या घराण्याने थांबण्याची अक्कल मिळवली. ‘डायरेक्ट करून द्या’ म्हणजे पिनेच्या तारा जोडून ती अक्कल काढून घ्या. त्यानंतर आपण कधीच नकार देत नाही, आणि तसा आज्ञाधारक गीझर भिंतीवर असण्यापेक्षा नसलेला बरा.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पाहुणा पैसे मोजून आलेला असतो, तो कारणमीमांसा ऐकायला थांबत नाही. मान्य, पण तपासणी पाहुणा टॉवेल गुंडाळून उभा असताना करायचीच नसते. ती खोली देण्याआधी, चादर बदलताना व्हायला हवी. मग विजेचा गीझर घ्या ना, असे कुणी म्हणेल. चार खोल्यांत दोन किलोवॉटचे चार गीझर म्हणजे सकाळच्या एका तासात आठ किलोवॉटचा भार. शिवाय मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर अंधारात काढलेले दिवस या किनाऱ्याने पाहिले आहेत, तेव्हा आपली निवड मूर्खपणाची म्हणता येत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप खास इथला आहे. हवेसाठी आपल्याला न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर लावावे म्हटले तर खारा वारा दोन-तीन पावसाळ्यांत पत्रा खाऊन टाकतो आणि पश्चिमेचा झोत ज्योत विझवतो. खरे आहे. म्हणून समुद्राकडे पाठ असलेली भिंत निवडावी, वर छप्पर द्यावे, बाजूने वारा अडवणारा पण हवा कोंडू न देणारा आडोसा करावा. जमिनीची पट्टी इतकी अरुंद की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी असेल, तर पत्रा लवकर गंजेल हे गृहीत धरून बदलाची तरतूद खोलीच्या भाड्यातच करावी. गंजलेल्या पत्र्याच्या जागी नवा बाजारात मिळतो, गेलेला माणूस मिळत नाही. आणि हो, कधी कधी दोष खरोखर आपलाच असतो. डायफ्राम फाटतो, झडप अडकते, कॉइल क्षाराने भरते. पण तो निष्कर्ष चारही सह्या तपासल्यावर शेवटी काढायचा असतो. इथे तो सुरुवातीलाच काढतात.

सबब, आपल्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहेत. निलंबन रद्द. यापुढेही दाब, सेल, गॅस किंवा हवा यांपैकी काही कमी असेल तिथे आपण बेधडक नकार द्यावा आणि कुणाच्याही थापेला भीक घालू नये.

कळावे,
आपला,
उशिरा शहाणा झालेला फिर्यादी

प्रत आवश्यक कार्यवाहीसाठी :

खोल्यांचे मालक. आपल्या टाकीची उंची फुटांत मोजावी. गीझर घेताना सवलतीच्या आधी खोक्यावरची आयएस १५५५८ ही खूण पाहावी.

मेकॅनिक. ‘डायरेक्ट’ करून दिल्यास पावतीवर तसे स्पष्ट लिहून सही करावी. सही करायला हात कचरत असेल तर कामही करू नये.

पाहुणे. आधी बादली भरावी, नळ बंद करावा, मग दार लावून सावकाश आंघोळ करावी. खिडकीवरचा कागद दिसल्यास तो काढावा. बाहेरून कुणी पाहत नाही, सगळे समुद्राकडे पाहत असतात.