मार्क्सवादी पर्यावरणवादी व्हा: वालचंदनगरात, पाच पायऱ्यांत

साहित्य: जुनी चप्पल, टोपी, तहान. मार्क्सचे ‘कॅपिटल’ नसले तरी अडत नाही. ते पुरते वाचलेले मार्क्सवादीही मोजकेच.

पायरी 1. कालव्यावर उभे राहा. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला तो दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पाणी उसात मुरले. पाणी उताराकडे वाहते, हे शाळेत शिकलेले विसरा. ते पैशाकडे वाहते.

पायरी 2. खाली वाका. पांढरा थर दिसला तर साखर समजून चाखू नका. पाणी जास्त, निचरा कमी, की क्षार वर येतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान 1910 च्या सुमारासच नीरेच्या खोऱ्यातल्या या खारवट जमिनी तपासत होते.

पायरी 3. आता मार्क्स काढा. 1867 मध्ये तो म्हणाला, भांडवली शेती मजुराला आणि मातीला एकदमच पिळते. इथे एखादा कृषी पदवीधर आडवा येईल: “साखर हवा-पाण्याची बनते, मातीतले नत्र-स्फुरद ती नेत नाही.” खरे आहे. त्याला विचारा, मग नत्रासकट पाचट जाळता कशाला? आणि फडात कोयता चालवणारे जोडपे उचल फेडून गावी काय नेते?

पायरी 4. खलनायक ठरवायची घाई नको. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी 1930 च्या दशकात इथेच, कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. 1963 मध्ये शेती महामंडळ निघाले आणि जमिनी सरकारकडे गेल्या. खंडाने जमिनी दिलेले हे खंडकरी आपल्या जमिनीसाठी पुढे कित्येक दशके भांडत राहिले. मालक बदलला, ऊस तोच. यालाच क्रांती म्हणणाऱ्याला अरल समुद्र दाखवा. तो सोव्हिएत कापसाने आटवला, तिथे तर भांडवलदार नव्हता.

पायरी 5. पुरंदर तालुक्यात जा. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. साळुंखे स्वतः कारखानदार होते, हे मार्क्सवादी मित्राला हळूच सांगा.

परीक्षा: पुढच्या ग्रामसभेत भूमिहीनांना कालव्याच्या पाण्यात वाटा देण्याचा ठराव मांडा. एक जरी अनुमोदक मिळाला, तरी तुम्ही उत्तीर्ण.