हात लावू नका

मिरजेला बाहेरगावचा माणूस येतो तो बहुतेक दोनच कामांसाठी. एक तर दवाखान्यात, नाही तर तंबोरा घ्यायला. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कोकणातला आणि कर्नाटकातला पेशंट मिरजेची वाट धरतो. आणि सतारमेकरांच्या घरांत तर त्याच्याही आधीपासून भोपळे कोरले जातायत. या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या अंगात उतरल्या तर काय होतं, हे बघायचं असेल तर अण्णांच्या दुकानात यावं. अण्णा हार्ड डिस्क दुरुस्त करतात. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात ते दिवसभर लोकांचे हात हार्ड डिस्कपासून लांब ठेवायचं काम करतात.

असा एक अण्णा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. कुठं त्याला इंजिनिअर म्हणतात, कुठं नुसतंच 'तो कॉम्प्युटरवाला'. वय पन्नाशीच्या पुढं, चष्मा कपाळावर, खिशात पेनाच्या जागी बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि समोर उघड्या पडलेल्या सीपीयूंच्या ढिगात हरवलेला चहाचा कप. इतर दुकानांत जिथं देवाची तसबीर असते, तिथं अण्णांनी आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कचा फोटो लावलाय. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलनं काढलेला एखादा फोटो त्यात जेमतेम बसेल. अण्णांचा त्या यंत्रावर फार जीव. "ही खिशात घालून एसटीत विसरायची सोय नव्हती," ते म्हणतात. "आणि हिला कुणाचा भाचा उचलून घरी न्यायचा नाही."

भाच्याचं पुढं येईलच.

गिऱ्हाईक दारात आलं की अण्णा डिस्ककडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाकडे बघतात.

"काय झालंय?"

"ओपन होईना."

"काय काय केलासा?"

"काही नाही."

या 'काही नाही'वर अण्णांचा तीस वर्षांचा संसार उभा आहे. ते घाई करत नाहीत. समोरच्याला स्टूल देतात, चहा सांगतात. आजार डिस्कला असला तरी जबानी माणसाची घ्यावी लागते, हे त्यांना ठाऊक असतं.

"म्हणजे, एकदा काढून परत लावली."

"बरं."

"मग ते विचारायला लागलं, फॉरमॅट करू का म्हणून."

"मग?"

"नाही म्हटलं."

"शाबास."

"तिसऱ्यांदा हो म्हटलं."

अण्णा डोळे मिटतात. त्यांचं म्हणणं असं की, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्याला एकदा त्यांच्या दुकानात आणून बसवावं. संगणकाला डिस्कवरची मांडणी वाचता आली नाही, एवढीच ती गोष्ट. पण वाचता येत नाही असं कबूल करायचं सोडून तो पुसायची परवानगी मागतो, आणि माणूस सज्जन असल्यामुळं देतो. तरीही सगळं संपलेलं नसतं. क्विक फॉरमॅटनं फक्त यादी नवी होते. माल पुष्कळदा जागेवरच असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

"त्यानंतर डिस्कवर काही टाकलं नाही ना?"

"नाही. फक्त रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकलं."

"कुठं?"

"त्याच डिस्कवर. तिथंच जागा होती की."

चहा येतो. अण्णा आधी तो गिऱ्हाइकाला देतात, कारण पुढचं ऐकायला त्यालाच ताकद लागणार असते.

प्रत्येक घरात एक भाचा असतो. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं आत्याचं, मावशीचं आणि स्वतः भाच्याचं मत असतं. डिस्क अडली की तो काळी खिडकी उघडतो आणि चेक डिस्कची आज्ञा देतो, पुढं एफ आणि आर लावून. खिडकीत आकडे पळायला लागतात, घरचे कौतुकानं बघत राहतात. आता चेक डिस्कचं इमान मांडणीशी असतं, तुमच्या फोटोंशी नसतं. मांडणी नीट लागली की तिचं काम झालं. जे तुकडे कुठल्याच रकान्यात बसले नाहीत ते ती एका फोल्डरमध्ये कोंबते आणि त्यांना 'फाइल शून्य शून्य शून्य शून्य' अशी नावं ठेवते. त्यात डिस्क मुळात मरायला टेकलेली असेल, तर तिला इंच इंच वाचायला लावणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला गोल गुम्मटाच्या पायऱ्या चढायला लावण्यातला प्रकार, असं अण्णा सांगतात. भाचा तोवर पुण्याला परत गेलेला असतो.

भाच्याच्या खालोखाल फ्रीजवाले. बंद पडलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की चालू होते, ही विद्या जगभर पसरलेली आहे. मिरजेतही ती मटारांच्या शेजारी राबवली जाते. एक इंजिनिअरिंगचा मुलगा अशी गारठलेली डिस्क थेट दुकानात घेऊन आला, तेव्हा अण्णांनी तिच्यावर जमलेलं दव बोटानं पुसून त्याला दाखवलं. "हेच पाणी आत तबकडीवर पण धरतंय. वाचणारं हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. तुझ्या डोक्यावरचा एक केस पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढं जाईल. आता त्या फटीत तू पाऊस पाडलायस." पोरगा हुशार होता. त्यानं विचारलं, "मग झाकण उघडून हेअर ड्रायरनं वाळवू का?"

झाकण उघडणारे हा अण्णांच्या लेखी शेवटचा वर्ग. अण्णा स्वतः झाकण कधी उघडत नाहीत. त्याला धूळ गाळलेली खोली लागते. ती पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये असते, आणि अण्णांच्या दुकानासमोर एसटीची धूळ असते. आरशासारख्या तबकडीवर अंगठ्याचा ठसा उमटवून आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणतात, "छान आलाय. आधार कार्डाला चालेल."

अण्णांची खरी संपत्ती म्हणजे कान. वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी दुकानात पेढे वाटले आणि त्या दिवशी कुणालाही रागावले नाहीत. तोच कान ते डिस्कला लावतात. पीसीतली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. लॅपटॉपमधली बरेचदा ५४००, म्हणजे ९०. "चारास तीन," अण्णा सांगतात. "लॅपटॉपच्या डिस्कचा षड्ज धरला की पीसीची डिस्क शुद्ध मध्यम लावती." हे ऐकून गिऱ्हाईक विचारतं, "पण माझे फोटो मिळतील ना?" मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं अण्णांना जे भाग्य लाभतं, म्हणजे समजून मान हलवणारा श्रोता, ते दुकानात कधी लाभलं नाही.

डिस्क टक्, टक्, टक् वाजून थांबते आणि पुन्हा टक् टक् करते तेव्हा मात्र अण्णा गाण्यातून बाहेर येतात. हेड तबकडीवरच्या खुणा शोधतंय, त्या सापडत नाहीत, परत फिरतंय, पुन्हा शोधतंय. अशा वेळी एक उपाय: वीज बंद. त्याआधी ते एकच खात्री करतात. कधी कधी डिस्क धडधाकट असते आणि नुसती उपाशी असते. जुन्या यूएसबी पोर्टमधून पाचशे मिलिअँपिअर मिळतात, निळ्यातून नऊशे. पुढच्या बाजूच्या लांब वायरीतून त्यातलेही पुरते पोचत नाहीत. मागच्या पोर्टला लावली की चालू. या दुरुस्तीला दहा सेकंद लागतात आणि तिथंच अण्णांची पंचाईत सुरू होते.

कारण दहा सेकंदांचे पैसे कुणी देत नाही.

एकदा एका हॉटेलवाल्याचा बिलिंगचा संगणक आला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदवही ठेवते. त्यात पाचव्या ओळीत बदललेल्या खराब जागा असतात, १९७व्यात संशयित जागा आणि १९९व्यात वाटेत झालेल्या चुका. पहिल्या दोन ओळी वाढल्या तर डिस्क जाणार. फक्त १९९ वाढली तर डिस्क निर्दोष, दोष केबलचा. अण्णांनी केबल बदलली, चहा संपायच्या आत मशीन चालू. हॉटेलवाल्यानं बिल बघून विचारलं, "एवढ्याशा वायरीला एवढे?" तेव्हापासून अण्णांनी रीत बदलली. केबल ते दोन मिनिटांतच बदलतात, पण गंभीर चेहरा करून सांगतात, "ॲडमिट करावं लागंल. उद्या डिस्चार्ज." रात्रभर मशीन कोपऱ्यात पडून राहतं. सकाळी गिऱ्हाईक डोळ्यांत पाणी आणून हसतमुखानं पैसे देतं. मिरजेत राहून एवढं तर शिकावंच लागतं.

जी डिस्क खरंच आजारी असते तिच्यावर मात्र नाटक चालत नाही. ते आधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतात. त्यांचा प्रोग्रॅम सहज येतं ते आधी घेतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मूळ डिस्क मग बाजूला. पुढची सगळी झटापट नकलेशी. याला दोन दिवस लागतात, कधी आठवडा. त्या काळात गिऱ्हाईक रोज फोन करून विचारतं, "अजून काहीच केलं नाही का?"

सगळेच रोग आवाजाचे नसतात. एक निवृत्त गुरुजी आले. जुना पीसी गेला, आतली डिस्क शाबूत. पण नव्या लॅपटॉपला जोडली की आपलंच फोल्डर उघडेना. प्रवेश नाकारला. "बत्तीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर काढलं," गुरुजी खिन्नपणे म्हणाले, "आज मलाच बाहेर काढलंय." अण्णांनी त्यांना शांतपणे समजावलं. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, आत एक लांबलचक क्रमांक देतं. नव्या मशीनवर तेच नाव घेतलं तरी क्रमांक वेगळा.

"म्हणजे सातबाऱ्यावर मी नाही?"

"जुने तुम्ही आहात. नव्या तुमच्या नावावर फेरफार करायचाय." अण्णांनी गुणधर्म उघडून मालकी बदलली, परवानगी दिली, फोल्डर उघडलं. गुरुजींचा विश्वास बसेना. तलाठ्याशिवाय फेरफार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं आणि ४८ आकडी किल्ली हरवलेली असती, तर मात्र अण्णांनीही हात जोडले असते. ते तसं स्वच्छ सांगतात. ते दुसऱ्या दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

संशयी लोकांची गोष्ट निराळी. एक टीबीची नवी डिस्क घेतलेला माणूस संध्याकाळीच परत येतो: मशीन ९३१ दाखवतंय, उरलेले ६९ कुठं गेले? कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या, माल तेवढाच. अण्णांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता ते कागदावर छापून काउंटरला चिकटवलंय. लोक तो कागद नीट वाचतात आणि मग विचारतात, "पण ६९ कुठं गेले?"

अलीकडे अण्णा थोडे उदास असतात. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडीच नाही. एसएसडी गप्प असते, गप्पच जाते. काल चालत होती, आज नाही. शिवाय फाइल पुसली की विंडोज तिला तसं कळवतं आणि ती मोकळ्या झालेल्या जागा स्वतःच झाडून टाकते. मागं शोधायला फारसं काही उरत नाही. "पेशंट बोलायला तर पाहिजे की," अण्णा म्हणतात. तरी कुणी एसएसडी आणली की ते ती सवयीनं एकदा कानाला लावतातच.

या सगळ्यावरचं औषध ते फुकट देतात: तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फुकट असल्यामुळं ते कुणी घेत नाही. परवा एक फोटोग्राफर छाती पुढं काढून म्हणाला, "बॅकअप आहे की. सीवरचं सगळं डीवर पण टाकून ठेवतो." सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग होते, आणि ती डिस्क अण्णांच्या हातात टक् टक् करत होती. अण्णांनी ती बंद केली, पुण्याच्या लॅबला पाठवली, लग्नसराईचा हंगाम कसाबसा परत आणला. बिल झालं. फोटोग्राफर म्हणाला, "नव्या डिस्कचं पुन्हा असं होणार नाही, याची गॅरंटी द्या की लिहून."

अण्णांनी चष्मा खाली ओढला आणि बिलाच्या पाठीवर लिहिलं, 'ही डिस्क एक ना एक दिवस जाणार, याची पूर्ण गॅरंटी.' खाली सही, शिक्का, तारीख.

फोटोग्राफरनं ते दोनदा वाचलं, नीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि विचारलं, "आणि नाही गेली तर पैसे परत?"