नाराजीचे समन्यायी वाटप

(अधिवेशनानंतरच्या सामुदायिक भोजनाचे स्थळ ठरवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना)

वार्षिक अधिवेशनात शोधनिबंध वाचले जातात, ठराव मंजूर होतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि बीजभाषण ठरल्या वेळेच्या दुप्पट चालते. यांतले काहीही पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. आठवते ते शेवटच्या रात्रीचे जेवण. ‘त्या वर्षी बासुंदी संपली होती’ या विधानाचे आयुष्य कोणत्याही शोधनिबंधापेक्षा जास्त असते. तरीही या विषयावर आजवर एकही चर्चासत्र झालेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी सदर सूचना तयार केल्या आहेत.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राच्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचे अधिवेशन, ठिकाण कोल्हापूर, महिना डिसेंबर, प्रतिनिधी साठ. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुद्दाम घेतले, कारण अनेक पर्यायांतून एक कसा निवडावा हे शिकवण्याचा त्यांना पगार मिळतो. कोल्हापूरही मुद्दामच घेतले. जेवायला कुठे जावे याचे उत्तर तिथे रिक्षावाल्यापासून विभागप्रमुखापर्यंत प्रत्येकाकडे तयार असते, आणि दुसऱ्याचे उत्तर ऐकून प्रत्येकाला त्याची कीव येते.

पायरी पहिली : समिती नेमणे

भोजन समितीत तीन सदस्य असावेत. एक स्थानिक, ज्याचा ‘तिथे आपला माणूस आहे’. एक बाहेरगावचा, ज्याला आम्लपित्त आहे. आणि एक कोषाध्यक्ष, ज्याला दोन्ही आहे.

नवख्या निमंत्रकांचा असा समज असतो की स्थळ ठरवणे हे समितीचे काम. तसे नाही. स्थळ स्थानिक सदस्याने दिवाळीच्या आधीच ठरवलेले असते. जबाबदारी कोथिंबिरीसारखी इतकी बारीक चिरायची की नंतर कोणाच्याही ताटात तिची अख्खी काडी सापडू नये, एवढेच समितीने करायचे असते. यासाठी व्हॉट्सॲपवर ‘भोजन समिती (अधिकृत)’ असा गट करावा. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना वगळून तशाच नावाचा आणखी एक गट आपोआप तयार होतो. निर्णय त्या दुसऱ्या गटात होतात.

पायरी दुसरी : पंचांग पाहणे

तारीख सभागृह कधी मोकळे आहे यावरून ठरते. पंचांग त्यानंतर उघडले जाते, हा परंपरागत क्रम आहे. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष. गुरुवार आला तर महालक्ष्मीचा उपवास, आणि अनेक घरांत महिनाभर सामिष वर्ज्य. एकादशी आली तर साबुदाणा. पण खरी परीक्षा संकष्टीला होते.

संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि वद्य चतुर्थीला चंद्र उगवायला रात्रीचे नऊ वाजत येतात. उलट जैन प्रतिनिधींपैकी कित्येक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. हातकणंगले-शिरोळ भागात जैन समाज मोठा असल्याने स्थानिक महाविद्यालयांतले असे सहकारी पुष्कळ असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चारला सुरू होणारा समारोप पावणेसातला आभारप्रदर्शनापर्यंत पोहोचतो. आणि मुंबईच्या प्रतिनिधींची महालक्ष्मी एक्स्प्रेस श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून नवाच्या आत सुटते.

म्हणजे काहींना सूर्य मावळण्यापूर्वी जेवायचे आहे, काहींना चंद्र उगवल्यावर, आणि काहींना या दोन्हींच्या मधल्या वेळेत स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर. या अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी कोणतीही वेळ भूतलावर अस्तित्वात नाही. समितीने कार्यक्रमपत्रिकेवर ‘भोजन : सायं. 7.30 (अंदाजे)’ असे छापावे. कंसातला शब्द सर्व धर्मांना आणि मध्य रेल्वेला पुरून उरतो.

पायरी तिसरी : खानेसुमारी

नोंदणी अर्जात ‘शाकाहारी / मांसाहारी’ असे दोनच रकाने ठेवणारा निमंत्रक अननुभवी समजावा. प्रत्यक्षात किमान पुढील प्रवर्ग आढळतात :

(अ) शाकाहारी.
(आ) शाकाहारी, पण अंडे चालते.
(इ) शाकाहारी, कांदा-लसूण नको.
(ई) जैन, म्हणजे कंदमुळेही नकोत. हा प्रवर्ग आणि (इ) एकच आहेत असे हॉटेलवाल्याला सांगू नये. तो ते आधीच धरून चालतो.
(उ) माळकरी. यांना सामिष पंगतीच्या शेजारचे टेबलही चालत नाही.
(ऊ) रस्सा चालतो, तुकडा नको.
(ए) तुकडा चालतो, पण फोटोत यायला नको.
(ऐ) ‘माझं काही नाही, जे असेल ते खातो.’

शेवटच्या प्रवर्गापासून सावध राहावे. हेच सद्गृहस्थ वाढप सुरू झाल्यावर नाचणीची भाकरी आहे का असे विचारतात.

प्रादेशिक अस्मितेची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. तांबडा रस्सा समोर आला की नागपूरचे प्रतिनिधी सावजीची आठवण काढून ‘हा काही तिखट नाही’ म्हणतात. त्यावर कोल्हापूरकर स्वयंपाकघरात निरोप पाठवतात, आणि त्याचा त्रास पुढच्या वाटीपासून कोकणच्या प्रतिनिधींना होतो. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असल्याने बाहेरगावचे लोक तो ‘लहान मुलांचा’ म्हणून ओरपतात. त्यात लाल मिरची नसली तरी मटणाचा अर्क, नारळाचे दूध आणि खडा मसाला असतो, हे त्यांना पहाटे कळते.

पायरी चौथी : स्थळपाहणी

कोल्हापुरात तीन प्रकारची स्थळे सुचवली जातात.

पहिले, गल्लीतली घरगुती खानावळ. जेवण उत्तम. बसायची सोय सोळा जणांची. मालक म्हणतात, ‘साठ काय, शंभर आणा की.’ बाकीचे चव्वेचाळीस कुठे बसतील हे ते सांगत नाहीत. मागच्याच्या नजरेने पुढच्याचे जेवण आपोआप लवकर आटोपते, असा त्यांचा अनुभव आहे.

दुसरे, महामार्गावरचे गार्डन हॉटेल. हिरवळ, कारंजे, झाडांवर दिव्यांच्या माळा आणि पलीकडच्या टोकाला परमिट रूम. मेनूकार्ड बारा पानी. त्यातल्या पनीरच्या सर्व भाज्या एकाच पातेल्यातून येतात. थंडीत हिरवळीवर दव पडते आणि कारंज्याच्या जवळचे टेबल नेहमी माजी अध्यक्षांच्या वाट्याला येते.

तिसरे, शुद्ध शाकाहारी थाळी. इथे कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणूनच कोल्हापूरपर्यंत येऊन इथे जेवायचे हे ऐकताच अर्ध्या सभागृहाचा चेहरा पडतो.

याशिवाय एखादा उत्साही सदस्य ‘पन्हाळ्यावर जाऊ या’ म्हणेल. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. वर घाट, थंडी आणि भाड्याच्या बसगाड्या. सगळे ‘वा!’ म्हणतील. इथे समितीने सावध व्हावे. जेरी हार्वी या अमेरिकी प्राध्यापकांनी 1974 साली एका लेखात स्वतःच्या सासुरवाडीची हकिकत सांगितली आहे. टेक्सासमधल्या एका छोट्या गावातून रणरणत्या उन्हात, विनावातानुकूलित मोटारीतून 53 मैलांवरच्या ॲबिलीन शहरात हे कुटुंब जेवायला गेले. जेवण वाईट निघाले. परतल्यावर उघड झाले की जायचे कोणाच्याच मनात नव्हते, ज्यांनी सुचवले त्या सासऱ्यांच्यासुद्धा. प्रत्येक जण दुसऱ्याचे मन राखत होता. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा किस्सा आता विरोधाभास म्हणून शिकवला जातो. आपल्याकडे त्याला सहल म्हणतात. पन्हाळा रद्द करावा, मात्र ‘पुढच्या वेळी नक्की’ असे इतिवृत्तात लिहावे.

पायरी पाचवी : मतदान

लोकशाहीला पर्याय नाही, म्हणून मतदान घ्यावेच लागते. व्हॉट्सॲपवर मतदान टाकताना एकाला अनेक पर्याय निवडण्याची मुभा बंद करायची राहून जाते. परिणामी साठ प्रतिनिधींची दीडशेच्या आसपास मते पडतात आणि तिन्ही स्थळे बहुमताने निवडून येतात.

तेव्हा पसंतीक्रम मागवावा. समजा, कोल्हापूरकरांचा क्रम खानावळ, गार्डन, थाळी. मुंबईकरांचा गार्डन, थाळी, खानावळ. आणि विदर्भवाल्यांचा, सावजीच्या अभिमानापोटी, थाळी, खानावळ, गार्डन. तिन्ही गट सारखे. मग खानावळ गार्डनला हरवते, गार्डन थाळीला हरवते आणि थाळी खानावळीला हरवते. प्रत्येक निकाल दोन विरुद्ध एक, आणि विजेता कोणीच नाही. हा घोळ कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1785 सालीच दाखवून दिला होता. 1951 साली केनेथ ॲरो यांनी पुढे जाऊन सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर सर्वांच्या पसंतीक्रमांतून समूहाचा एक क्रम काढणारी कोणतीही पद्धत न्याय्यतेच्या मोजक्या, साध्या अटीसुद्धा एकत्र पाळू शकत नाही; अपवाद एकट्या हुकूमशहाचा. ॲरो यांना 1972 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्या साठही प्रतिनिधींना हे प्रमेय तोंडपाठ आहे. सकाळच्या सत्रात त्यावर दोन निबंध वाचले गेले आहेत. तरी संध्याकाळी ते गटावर लिहितात, ‘सर्वांना आवडेल असं काहीतरी बघा ना.’

या सूचनांचे मूलतत्त्व इथे सांगणे आवश्यक आहे. सर्वांना आवडेल असे स्थळ नसते. तेव्हा आनंदाचा नाद सोडून समितीने, पाण्याच्या बाबतीत शासन जसे म्हणत आले आहे तसे, नाराजीच्या समन्यायी वाटपाचे धोरण स्वीकारावे. टोकाच्या गावापर्यंत ती सारख्या दाबाने पोहोचली पाहिजे. एकाच गटावर सगळी नाराजी साचली, तर तो वेगळी परिषद काढतो. आपल्याकडे बहुतेक विषयांच्या दोन-दोन परिषदा आहेत, त्यांतल्या काहींचे मूळ कारण वैचारिक होते असे सांगितले जाते.

पायरी सहावी : बिल

बिल समान वाटून घ्यायचे की ज्याचे त्याने द्यायचे? यावर इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या एका उपाहारगृहात प्रयोग झाला आणि 2004 साली प्रसिद्ध झाला. आपापले बिल देणाऱ्यांनी सरासरी 37 शेकेलचे खाल्ले, समान वाटणीवाल्यांनी 51चे, आणि ज्यांचे बिल संशोधक देणार होते त्यांनी 82चे. प्रतिनिधी शुल्कात जेवण धरले की आपले साठही जण तिसऱ्या गटात जातात. सकाळी ‘मला गोड वर्ज्य आहे’ म्हणणारे रात्री आइस्क्रीमचे स्वाद विचारतात.

करांचाही विचार करावा. साध्या उपाहारगृहात जीएसटी 5 टक्के, बड्या तारांकित हॉटेलात 18 टक्के. या फरकावर कोषाध्यक्ष एक संपूर्ण बैठक घेऊ शकतात. मद्य मात्र जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर व्हॅट लागतो, त्यामुळे ते बिलात वेगळे उठून दिसते आणि ‘शीतपेये’ या शीर्षाखाली नीट बसत नाही. लेखापरीक्षक महाविद्यालयाचेच असतील तर परमिट रूमचे टेबल स्वतंत्र, वर्गणी स्वतंत्र आणि निमंत्रकाची नजर दुसरीकडे, अशी व्यवस्था असावी.

हे सर्व जमेस धरता उत्तर एकच उरते : ठरावीक दराची थाळी, एका बाजूला शाकाहारी, दुसऱ्या बाजूला मटणाची, मध्ये माळकऱ्यांसाठी पार्टिशन. मेनूकार्ड नाही, म्हणजे निवड नाही. निवड नाही, म्हणजे पश्चात्ताप नाही. भाकरी सर्वांना सारखी आणि रस्सा हवा तितका. खानावळवाल्यांना हे स्थळ महाग वाटेल, गार्डनवाल्यांना कोंदट वाटेल आणि थाळीवाल्यांना पलीकडचा वास येईल. तिन्ही तक्रारी साधारण एकाच उंचीच्या भरल्या, की स्थळ योग्य निवडले असे समजावे.

पायरी सातवी : प्रत्यक्ष भोजन

प्रत्येक टेबलावर एक माजी अध्यक्ष बसवावा. ते पुरतील एवढे असतात. जैन सहकाऱ्यांचे जेवण समारोप चालू असतानाच मागच्या खोलीत उरकून घ्यावे. समारोपाचे भाषण चुकल्याबद्दल ते खंत व्यक्त करतील, ती खरी मानू नये. मुंबईकरांना डबे बांधून द्यावेत. जेवणाआधीची ‘दोन शब्द’ ही प्रथा कोणी थोपवू शकत नाही, म्हणून वाढप भाषणापूर्वी सुरू करावे. सुकं मटण समोर असताना कोणी वक्ता चार मिनिटांपलीकडे जात नाही.

उपाशी राहिलेल्यांची काळजी करू नये. खासबागची खाऊगल्ली आहे, रंकाळ्यावर भेळ आहे, गंगावेशीला डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून दूध देणारा कट्टा आहे. अधिवेशनातले सर्वांत मोकळे आणि विद्वत्तापूर्ण चर्चासत्र तिथेच होते, आणि त्याचा विषय समितीचे जेवण हाच असतो. विदर्भ, कोकण आणि मुंबई यांचे ज्या एका प्रश्नावर एकमत होते तो हाच. परिषद टिकते ती त्या एकमतावर.

पायरी आठवी : अहवाल

अहवालात ‘भोजन रुचकर होते व प्रतिनिधींनी त्याचा आस्वाद घेतला’ हे वाक्य घालावे. ते दरवर्षीच्या अहवालातून जसेच्या तसे उचलता येते. तक्रारींची नोंद ठेवू नये. त्या मौखिक परंपरेने अधिक सुरक्षित राहतात.

एखादे वर्षी जेवण मनापासून आवडल्याचे एखादा प्रतिनिधी सर्वांसमोर सांगेल. असे क्वचित घडते, पण घडते. अशा वेळी गांगरून जाऊ नये. पुढच्या वर्षीच्या भोजन समितीच्या निमंत्रकपदासाठी तत्काळ त्याचे नाव सुचवावे. अनुमोदनाला साठ हात वर येतात, आणि त्यांत पहिला हात मावळत्या निमंत्रकाचा असतो.