घोरपड नाही, तर सिनेमा नाही

कोंढाण्याची एक रात्र मराठी माणसाने पडद्यावर किती वेळा पाहावी? १९२३ साली बाबूराव पेंटरांनी ती मूकपटात दाखवली. त्यात शेलारमामाचं काम केलं होतं व्ही. शांताराम नावाच्या तरुणाने. १९३३ साली त्याच शांतारामांनी ‘प्रभात’साठी ती बोलपटात घेतली. २०२०च्या जानेवारीत अजय देवगण थ्रीडीमध्ये कडा चढला, ‘तान्हाजी’ला राज्यात करमाफी मिळाली, पाठोपाठ राष्ट्रीय पुरस्कारही आले. तरी कुणाचं पोट भरलं नाही, म्हणून २०२३च्या ऑगस्टमध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ आला. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र अशी शंभर वर्षांत निदान चार वेळा तरी उजाडली.

तानाजी मालुसऱ्यांविषयी तक्रार असण्याचं कारणच नाही. तक्रार आहे ती पोस्टरविषयी. ज्याचा पोवाडा पिढ्यान् पिढ्या डफावर घुमला, ज्याच्यावर हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहिली, जो चौथीच्या पुस्तकातून प्रत्येक मराठी पोराच्या डोक्यात जाऊन बसला, त्याला ‘अनसंग वॉरिअर’ म्हणायला अंधेरीचंच काळीज लागतं. ज्यांच्यावर खरोखरच कुणी काही गायलं नाही असे लढवय्ये हवे असतील, तर गाडी सिंहगड रस्त्याला न वळवता लोणावळ्याकडे काढावी. मळवलीला उतरलं की डोक्यावर लोहगड दिसतो.

जून १६६५. पुरंदरचा तह. महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले. त्यात कोंढाणा होता, तसे मावळातले लोहगड, विसापूर, तिकोनाही होते. पाच वर्षांनी एकेक परत घ्यायला सुरुवात झाली. फेब्रुवारीत कोंढाणा, ८ मार्चला पुरंदर, १३ मे रोजी लोहगड, जूनमध्ये माहुली. हा सगळा एका मोसमाचा धडाका. त्यातल्या पहिल्या किल्ल्याच्या वाट्याला पोवाडा, कादंबरी, सिनेमे, पुतळा आणि दरवर्षीची पुण्यतिथी. पुरंदरच्या वाट्याला निळोपंतांचं निदान नाव तरी. आणि लोहगडाच्या वाट्याला? ‘मराठ्यांनी’. गडाच्या माहितीत कर्ता म्हणून हा एकच शब्द येतो. कोण चढलं, कुठून चढलं, कोण पडलं, काही नाही. व्याकरणात बसतं म्हणून चालवून घ्यायचं.

ही गोष्ट मी एका निर्मात्याला सांगून पाहिली. नाव सांगत नाही. अशी माणसं एकमेकांसारखीच असतात, कुणाचंही घातलं तरी चालेल.

“हीरो कोण?” पहिला प्रश्न.

“मराठे.”

“ते झालं हो. नाव?”

“नाव नाही.”

“मग पोस्टरवर काय छापू? बरं, व्हिलन?”

“मोगल किल्लेदार.”

“त्याचं नाव?”

मी गप्प.

“अहो, ‘तान्हाजी’त सैफ होता. मगर भाजून खात होता! शेवटी मरतं कोण?”

“मेले असतील बरेच.”

“बरेच मेले तर प्रेक्षक रडत नाही, सर. एक मेला तर रडतो. घोरपड तरी आहे का?”

घोरपड आता वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्या कमरेला दोर बांधला तर वनखातं दारात येईल, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, घोरपड कॉम्प्युटरवर करू, तिला कुठला आलाय कायदा. अडचण घोरपडीची नव्हतीच. अडचण अशी की लोहगड एका माणसाने घेतलेला नाही, आणि आपल्या सिनेमात किल्ला एकच माणूस घेऊ शकतो. बाकीचे मागे ‘हर हर महादेव’ म्हणायला.

वास्तविक पडद्यावर एकट्याचीच गोष्ट सांगणारे हे लोक एका बाबतीत फार काटेकोर असतात. सिनेमा संपला की श्रेयनामावली सुरू होते. संगणकावर कडा उभारणारे, आकाशाला रंग देणारे, घोड्यांची निगा राखणारे, ड्रायव्हर, स्पॉटबॉय, चहा पुरवणारे, सगळ्यांची नावं वर सरकत जातात आणि कंटाळून प्रेक्षक पार्किंगकडे पळतात. खोटा कडा बांधणाऱ्या शेकडोंची नावं नीट नोंदवलेली. खरा चढणाऱ्यांची मात्र यादी कुणी केली नाही.

बरं, लोहगड परत मिळवल्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात नावंच नावं आहेत. १७१३ साली शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना कान्होजी आंग्र्यांवर पाठवलं. कान्होजी तेव्हा शाहूंच्या विरोधातल्या दुसऱ्या गादीच्या बाजूला. त्यांनी पेशव्यालाच पकडलं आणि लोहगडावर कैदेत टाकलं. लोहगड गेला, राजमाची गेली, आता आंग्रे साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली. तेव्हा शाहूंनी नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथाला पेशवाईची वस्त्रं दिली आणि पाठवलं. आता काय होईल? कड्यावर दोर पडतील? दरवाजाला हत्ती लागेल? छे. बाळाजी बोलले. कान्होजी ऐकते झाले. १७१४च्या आरंभी लोणावळ्याला तह झाला. पेशवा सुटला, राजमाची वगळून घेतलेला मुलूख परत आला, आणि आंग्रे शाहूंचे सरखेल झाले. एक थेंब रक्त न सांडता मराठी आरमार साताऱ्याच्या गादीशी जोडलं गेलं. ज्या लोणावळ्यात आज पार्किंगच्या एका जागेवरून शनिवारी दोन मोटारवाल्यांची समजूत पटत नाही, त्या लोणावळ्यात!

निर्माते खूष झाले. नावं होती, समुद्र होता, दोन गाद्या होत्या. मग विचार करून म्हणाले, “पण यात वाईट कोण?”

“कुणीच नाही. दोन्हीकडे आपलेच.”

“मग नको. एकाला वाईट दाखवला की त्याचे लोक थेटरावर येणार. दोघांना चांगलं दाखवलं की कोणीच येणार नाही.”

हे मात्र खरं बोलले.

तिसरी गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही, कारण ती ऐकून माणूस उठून गेला असता. मार्च १८१८. इंग्रजांचा प्रॉथर मावळात तोफा घेऊन आला. त्याने लोहगडाला हात लावला नाही. शेजारचा विसापूर उंचीला थोडा जास्त. तो ४ मार्चला घेतला. विसापूर इंग्रजांकडे म्हणजे लोहगड आपोआप तोफेच्या टप्प्यात. दुसऱ्या दिवशी लोहगडावरचे लोक किल्ला सोडून चालते झाले. ज्या गडाच्या गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजाची नागमोडी वाट अशी रचलेली आहे, की एका दरवाजातून आत शिरलेल्याच्या डोक्यावर दुसऱ्या बुरुजाचा मारा यावा, त्या गडाचे चारही दरवाजे शेजाऱ्याच्या उंचीपुढे फुकट गेले. किल्ल्यांच्या इतिहासात असलं गणित पानोपानी सापडतं. पडद्यावर उंची फक्त हीरोच्या उडीची मोजतात.

आणि त्या दरवाजांविषयी थोडं. लोहगड आज जो दिसतो त्यात नाना फडणवीसांचा हात मोठा. सोळा कोनांचं टाकं त्यांचं. नारायण दरवाजाही त्यांनीच बांधलेला; तिथे एक भुयार आहे, त्यात भात आणि नाचणी साठवत. गड लढवायचा म्हणजे सहा महिन्यांची नाचणी आधी वर न्यायची, हे नानांना कळत होतं. गेल्या पावसाळ्यात त्या भुयाराच्या तोंडाशी भगवा फेटा, चंद्रकोर आणि प्लॅस्टिकची तलवार अशा थाटात एक तरुण रील करत होता. मित्र मोबाईल धरून उभा. तरुण तलवार उपसून भुयाराकडे बोट दाखवत गरजला की इथूनच मावळे मोगलांवर तुटून पडले. पाठीमागून ताक विकणारी बाई म्हणाली, “आरं, तिथं नाचणी असायची.” त्याने टेक पुन्हा घेतला. नाचणी काढून टाकली.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. यादीत लोहगड आहे, सिंहगड नाही. लोहगडवाडीतल्यांना अभिमान वाटलाच असेल, पण मला भीती वाटली. पावसाळ्यातल्या रविवारी त्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत असे अडकतात, की बालेकिल्ल्याला वेढा पडल्याचा भास व्हावा. त्यात आता जगाची भर. लोहगडाला सिनेमा मिळत नाही, हा कदाचित त्याच्या नशिबाचाच भाग असेल. सिनेमा लागला की काय होतं ते बऱ्हाणपूरवाल्यांना विचारा. २०२५ साली ‘छावा’ पाहून लोक रात्री बॅटऱ्या आणि कुदळी घेऊन असीरगडाच्या पायथ्याची शेतं खणायला गेले होते. सिनेमात मोगलांचा खजिना दाखवला होता म्हणून. लोहगडावर सुरतेची लूट ठेवली होती असं सांगतात. कृपा करून हे कुणी पडद्यावर सांगू नका. गडाच्या टोकाच्या विंचूकाट्यापर्यंत खड्डे पडतील.

एवढं सगळं झाल्यावर मावळातलं एक नाव मला आठवलं, जे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. जानेवारी १७७९. इंग्रज रघुनाथरावाला गादीवर बसवायला खंडाळ्याचा घाट चढून आले. पुढे कॅप्टन स्टुअर्ट, मागे तोफा आणि सामान ओढणारे हजारो बैल. मावळातल्या लोकांनी काय करावं? गावं रिकामी केली, वैरण जाळली, पाणी नासवलं. इंग्रजांना लढाईपेक्षा उपासमारीने जास्त टेकीला आणलं. ४ जानेवारीला कार्ल्याला स्टुअर्ट पडला. बाकीचे तळेगावपर्यंत रेटत गेले; तिथेही जळकं गाव स्वागताला. ११ तारखेच्या रात्री तोफा तळ्यात ढकलून माघार, वडगावला महादजी शिंद्यांचा वेढा, आणि १६ जानेवारीला ईस्ट इंडिया कंपनीने चक्क तहावर सही केली.

वैरण कुणी जाळली? स्वतःचं घर स्वतः कुणी पेटवलं? नावं नाहीत. पण स्टुअर्टचं आहे! मराठ्यांना त्याची हिंमत इतकी आवडली की त्याचा ‘इष्टूर फाकडा’ केला आणि त्याची समाधी आजही वडगाव मावळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. मावळावर चालून आलेल्या गोऱ्याला मावळात पत्ता आहे, पोलीस बंदोबस्त आहे. दिलदारीत आपला हात कुणी धरू नये.

हे मी निर्मात्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला.

“गोरा हीरो? वा! लंडनचा नट आणू. घोडा, लाल कोट, झाडावर चढून दुर्बीण लावतो, तेवढ्यात गोळा. इंटरव्हलच्या आधी मारू नका त्याला, फ्लॅशबॅक ठेवू. एक मराठी मुलगी टाकू, तिचं त्याच्यावर मन. नाव ठरलं, ‘फाकडा’. ओटीटीवाले उड्या मारतील.”

“आणि मावळे?”

“आहेत की! दीडशे ज्युनियर आर्टिस्ट सांगतो. वैरण जाळायला लागतीलच.”