संमती तुमचीच!

फुकटातला पीडीएफ कन्व्हर्टर घेताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटलं, की सोबत एक न बोलावलेला पाहुणा येतो: ब्राउझर हायजॅकर. शोधा पुणे-सोलापूर गाडी, पोचा केस वाढवायच्या तेलावर. एक्स्टेंशन काढलं तरी गडी हजर. कारण डेस्कटॉपवरच्या ब्राउझर शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये, डॉट ईएक्सईच्या पुढे, त्याने आपला पत्ता गुपचूप चिकटवलेला असतो. वर टास्क शेड्युलरमध्ये पुनर्जन्माची सोय. आणि याला घुसखोरी म्हणायचं नाही बरं का, ‘नेक्स्ट’ तुम्हीच दाबलंत! जावाच्या अपडेटबरोबर आस्क टूलबार वर्षानुवर्षं असाच यायचा, चौकटीत आधीच खूण करून. अखेर २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या जुन्या आवृत्त्यांना नकोशा सॉफ्टवेअरांत जमा केलं. तर शॉर्टकटची शेपटी कापा, शेड्युलर तपासा, मग ब्राउझर रीसेट करा. फक्त त्यासाठी जाहिरातीतला ‘फुकट क्लीनर’ उतरवू नका. तो बहुधा याचाच चुलतभाऊ असतो.