मेली एमसीबी पडली कशी नाही?

"काय गं, काल रात्री तुमच्या पडवीत कसली धावपळ? मला वाटलं, कर्नाळ्याच्या रानातला साप उतरला."

"साप परवडला, काकू! गीझर लावला तर दिवे लुकलुकायला लागले. दिरांनी केसिंगची पट्टी उचकटली, तर आतला जोड कोळसा झालेला. गणपतीत वायरिंग वाढवून गेलेल्या त्या पोराचा प्रताप."

"तोच ना? फडके वाड्यापासून हायवेपर्यंत सगळ्यांनी स्वस्त म्हणून त्यालाच धरला. केलं काय मेल्याने?"

"जुनी ॲल्युमिनियमची वायर, नवी तांब्याची. दोन्ही सोलल्या, पीळ मारला, वरून काळी टेप. आज पनवेलहून परवानावाला वायरमन आला, त्याने कपाळावर हात मारला. हे दोन धातू असे पिळायचेच नसतात म्हणे. आपल्या दमट हवेत जोड गंजतो, ढिला पडतो आणि मग तापतो."

"अगं पण नवी एमसीबी बसवलीस ना? ती मेली पडली कशी नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, जास्त वीज ओढली किंवा शॉर्ट झालं तरच ती पडते. 2000 वॅटचा गीझर 9 अँपिअरच्या आतच ओढतो. जोड ढिला म्हणून ते वाढत नाहीत. तेवढीच वीज टोकाला टोक टेकलेल्या जागेतून जाते, म्हणून तिथेच जाळ."

"आणि शेजारची ती 30 मिलिअँपिअरवाली?"

"ती शॉकसाठी. वीज बाहेर गळली तर पडते. इथे गळलीच नाही, तर तिला काय कळणार?"

"जळल्याचा वास नाही आला आधी?"

"महिनाभर येत होता! हे म्हणाले, काकू कचरा जाळत असतील."

"वा! नाव आमचं होय? बरं, आता काय केलंत?"

"बोर्डापासून गीझरपर्यंत तांब्याची अखंड वायर, मध्ये जोडच नाही. घ्यावाच लागला तर उघडून बघता येईल अशा डबीत, स्क्रूच्या कनेक्टरने."

"अगंबाई, माझ्या विहिरीच्या मोटरला तर दोन वर्षं टेपच आहे. पाऊस लागतो तिच्यावर."

"मग आधी मेन बंद करा आणि त्या जोडाला हात लावू नका. वायरमन अजून आमच्याकडे चहा घेतोय, लगेच बोलावून दाखवा."