घामाचे वकीलपत्र

द्रोणागिरी म्हटले की मारुती आलाच. उरणचा हा डोंगर म्हणजे त्याने उचललेला तोच की त्याचा वाटेत निसटलेला कपचा, या वादात न पडता दुसरी एक कथा आठवावी. लंका जाळून परतताना मारुतीच्या घामाचा एक थेंब समुद्रात पडला, मगरीने तो गिळला आणि मकरध्वज जन्माला आला. पुराणात ज्या थेंबाची योग्यता पुत्रप्राप्तीची, त्याच थेंबाला आज द्रोणागिरी नोडमध्ये रुमालाने टिपतात, पावडरीखाली गाडतात आणि लोकलमध्ये त्याच्यामुळे शेजारी मान फिरवतो. या अशिलाचे वकीलपत्र कुणीतरी घ्यायला हवे. म्हणणे थोडक्यात असे, की आरोपी चुकीचा धरला आहे. घाम आपले काम चोख करतो. हवाच त्याला ते पुरे करू देत नाही.

पुरावा म्हणून उरणची मिठागरे पाहावीत. समुद्राचे पाणी वाफ्यात घ्यायचे आणि ऊन-वाऱ्याने ते उडून गेले की मीठ गोळा करायचे, ही विद्या इथल्या लोकांना इतकी जुनी, की आगरी समाजाच्या नावातच आगर आहे. आपल्या कातडीखालच्या 20 ते 40 लाख घर्मग्रंथी दुसरे काय करतात? पाणी वर आणून पसरतात. ते उडताना अंगाची उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पुरता उडाला तर 580 किलोकॅलरीच्या आसपास. मात्र उडाला तर! गळून गेलेला घाम थंडावा देत नाही, फक्त शर्ट धुवायला लावतो. मिठागरवाल्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. हवा दमट झाली की त्याचे मीठही पिकत नाही. याच न्यायाने नागपुरात 44 अंशांना वाळ्याचा कूलर राजा असतो आणि उरणमध्ये तोच कूलर खोलीत आणखी दमटपणा भरणारे खटले ठरतो. दोष कूलरचा नाही, तर घामाचा कसा? बाकी पाठीवरच्या मिठागराचा धंदा कुणी करू नये. लिटरला दोनेक ग्रॅम मीठ धरले तर किलोभरासाठी 500 लिटर घाम लागेल. समुद्राच्या पाण्याचे तीसेक लिटर पुरतात. शिवाय अंग उन्हाला दोनेक आठवड्यांत सरावते, तेव्हा घाम लवकर आणि जास्त येतो, पण त्यातले मीठ ग्रंथी परत ओढून घेतात. मुरलेला उरणकर पाणी सढळ सोडतो आणि मीठ मात्र जपून. व्यवहार म्हणतात तो हा.

यावर पहिला आक्षेप वासाचा, आणि तो घेणाऱ्याचे नाक खोटे बोलत नाही. पण ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेतल्या वेगळ्या जातीच्या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात, त्यांचा स्राव कातडीवरचे जिवाणू खातात आणि वास त्या पंगतीनंतरचा असतो. जेवून गेले ते, आणि उष्टी काढायची घामाने! दुसरा आक्षेप नव्हे, उलट भलती स्तुती: घामावाटे म्हणे शरीरातले विष निघून जाते. असली स्तुती वकिलाने आधी फेटाळावी. घामात 99 टक्के पाणीच, उरलेले मीठ आणि किरकोळ युरिया वगैरे. विषाचे खाते यकृत आणि मूत्रपिंडे सांभाळतात. घामाने उतरलेले वजन तर एका तांब्याने परत येते. चरकसंहितेतला स्वेदाध्याय याहून मोकळ्या मनाचा आहे. त्यात विस्तवाशिवाय घाम काढण्याचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांत व्यायाम, भूक, भीती, राग, युद्ध आणि ऊन आहे. सकाळची उरण-नेरूळ लोकल धावत पकडणाऱ्याला हे सहाही एका तिकिटात मिळतात.

घाम नसताच तर बरे, असे म्हणणाऱ्यांनी डार्विन वाचावा. त्याने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात जेमतेम, डोक्याला टक्कल आणि कातडी इतकी कोरडी, की उन्हाळ्यात त्यांचे हाल होत. ग्रंथीच नीट घडत नाहीत असा हा वंशागत विकार. घामोळे म्हणजे त्याच संकटाची किरकोळ आवृत्ती: ग्रंथी शाबूत, पण नळीचे तोंड बुजलेले. आणि कधी आरोपीलाच साक्षीला बोलवावे लागते. 1948च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेने कोसळणाऱ्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या वंशागत आजाराची मुले बरीच दिसली. त्यांच्या घामात मीठ फार निघाले. 1959 पासून औषध आणि सौम्य विद्युतप्रवाहाने हातावर घाम आणून त्यातले क्लोराइड मोजतात, आणि निदान आजही त्यावर होते.

एक गोष्ट मात्र वकिलाला कबूल करावी लागते. काहींच्या तळहातांना कारण नसताना इतका घाम येतो, की उत्तरपत्रिका भिजते आणि हस्तांदोलनाची धास्ती वाटते. इथे खरोखर अशिलाचाच अतिरेक आहे. त्यावर बोटुलिनमची इंजेक्शने आहेत, आणि स्वस्तातला उपाय म्हणजे नळाच्या पाण्यात हात बुडवून त्यातून अगदी सौम्य वीज सोडणे. मे महिन्यात नळाला पाणी आणि घरात वीज एकाच वेळी असण्याची वाट पाहताना जो घाम येतो, तो या हिशेबात धरलेला नाही.